नऊ बंदुकांची खोली

सुचेताने बिस्किटं बशीत काढली आणि दारात बूट पुसत उभ्या असलेल्या पार्करला आत घेतलं. पार्कर पोलिसांकडून आलेला, बंदुकांच्या परवान्यांचा तपासनीस. दर पाच वर्षांनी परवाना नवा करायच्या आधी असा एक माणूस घरी येतो, कपाट बघतो, बंदुकांवरचे नंबर ताडून पाहतो आणि चहा पिऊन जातो. तिचा नवरा दीनानाथ ऑफिसला सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याची वाट बघत बसला होता. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने कधी एवढी तयारी केलेली नव्हती.

तिलाही त्याने नाश्त्याच्या वेळीच पढवून ठेवलं होतं.

“तो तुला विचारेल, किल्ली कुठे असते. सांगायचं, माहीत नाही. माझ्याशिवाय कुणाला जागा कळली की सर्टिफिकेट कॅन्सल. बायकोला कळली तरी. आणि तुला नाहीतरी काय माहीत असतं म्हणा!”

“बरं,” ती म्हणाली होती.

आता सोफ्यावर बसून दीनानाथ पार्करला बंदुकांचं पुराण ऐकवत होता. मिल्टन कीन्स या इंग्लंडमधल्या शहरातल्या प्रत्येक मराठी घराने ते एकदा तरी सोसलं होतं. मुळात या लष्करी रायफली. हिंदुस्थानातल्या पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना द्यायच्या म्हणून साहेबाने नळीतले आटे घासून ती गुळगुळीत केली, रायफलीची शॉटगन करून टाकली. गोळ्या साठवायच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस.

“बंदूक दिली, पण विश्वास दिला नाही!” दीनानाथ मांडीवर थाप मारून म्हणाला.

हे वाक्य सुचेताने शंभरदा ऐकलं होतं. साहेबावर एवढा चिडणारा हा माणूस घरात अगदी त्याच साहेबासारखा वागायचा. बँकेचं कार्ड तिला दिलेलं होतं, पण मोठी खरेदी त्याला विचारून. गाडी शिकवली होती, पण हायवेवर न्यायची नाही.

घर दोन बेडरूमचं. दुसऱ्या खोलीत भिंतीला बोल्ट ठोकून बसवलेलं पोलादी कपाट आणि त्यात गेल्या वर्षापर्यंत आठ बंदुका. गेल्या वर्षी सुचेताच्या आईला, यमुनाबाईंना, सहा महिन्यांचा व्हिसा मिळाला तेव्हा दीनानाथने त्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

“तिथे परकं माणूस झोपवून चालेल का? पोलिस काय म्हणतील?”

“परकं माणूस? आई आहे माझी.”

“मग हॉलमध्ये झोपवणार? लोक येतात-जातात आपल्याकडे.”

कपाट जिन्याखाली हलवू या, असंही तिने म्हणून पाहिलं. त्याने नुसतं हसून बोल्ट दाखवले होते. पुढे एप्रिलमध्ये पुण्याच्या वृद्धाश्रमातून आई गेल्याचा फोन आला तेव्हा तो ब्रिस्टलला जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनाला गेला होता. तिने रडत रडत फोन केला. “आता जाऊन तरी काय उपयोग?” तो म्हणाला, आणि संध्याकाळी नववी बंदूक घेऊन घरी आला. त्या दिवसापासून तिला तो डोळ्यांसमोर नको झाला होता, पण पोळ्या मात्र रोज मऊ होत होत्या.

पार्करने तिच्याकडे वळून विचारलंच, “कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात, तुम्हाला ठाऊक आहे?”

“नाही,” सुचेता म्हणाली.

दीनानाथने पसंतीची मान हलवली. पार्करने कागदावर खूण केली आणि तो उठला. “व्हेरी गुड. मग नंबर बघून घेऊ?”

पार्करला जिन्याशी थांबवून दीनानाथ स्वयंपाकघरात गेला. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या पाटाखाली कपाटाची मूळ आणि जादा अशा दोन्ही किल्ल्या एकाच कड्यात असायच्या. चोर देवाला हात लावणार नाही, ही त्याची अक्कल. पण देव रोज पुसतं कोण, हा विचार बावीस वर्षांत त्याच्या मनाला शिवला नव्हता. काल संध्याकाळी बंदुकांना तेल देऊन त्याने कडं जागेवर ठेवलं होतं. आज तो आंघोळीला गेला असताना सुचेता निर्माल्याची पिशवी कॅनॉलच्या पाण्यात रिकामी करून आली होती. पिशवीत फुलांखाली ते कडं होतं.

त्याने पाट उचलला. मग समई, मग ताम्हन, मग सगळा देव्हाराच पुढे ओढला. तो धावत बाहेर आला.

“सुचेता, किल्ल्या तू...”

आणि तिथेच थांबला. तिने घेतल्या म्हणावं, तर तिला जागा ठाऊक होती असं कबूल करावं लागणार. हरवल्या म्हणावं, तर असा माणूस बंदुका काय सांभाळणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सुचेता शांतपणे त्याच्याकडे बघत होती. त्याचं तोंड उघडं राहिलेलं बघून तिला बरं वाटलं, खरंच फार बरं वाटलं.

“एनी प्रॉब्लेम, सर?” पार्करने विचारलं.

“हरवल्या,” दीनानाथ अखेर इंग्रजीत म्हणाला. “माझ्याकडून हरवल्या.”

पार्करने पेनाचं टोपण लावलं. त्यालाही वाईट वाटलेलं दिसलं. कपाट आजच फोडावं लागेल, बंदुका ताब्यात घ्याव्या लागतील आणि परवान्याचं आता काही खरं नाही, एवढं सांगून तो फोन करायला बाहेर गाडीपाशी गेला.

दीनानाथ जिन्याच्या पायरीवर बसला. इस्त्रीच्या शर्टाला काखेत घामाचे डाग पडले होते.

“का गं?” त्याने विचारलं.

“आईला सहा महिनेच तर यायचं होतं हो,” सुचेता म्हणाली.

कपाट फोडायला आणखी दोन माणसं येत आहेत, असं पार्करने दारातून सांगितलं. तिने आणखी दोन कप काढले.