चुलीजवळ टांगलेला बोरान

मित्रांनो, आज मला पाहून कोणी वाद्य म्हणणार नाही. एक लाकडी कडं, त्यावर पितळी खिळ्यांची रांग आणि मधोमध वरपासून खालपर्यंत फाटलेलं कातडं, एवढंच माझं उरलं आहे. पण मी एक जुना बोरान आहे. बोरान म्हणजे आयर्लंडचा ढोल, एका अंगाला कातडं आणि दुसऱ्या अंगाला उघडा. तुमच्याकडच्या डफाचा लांबचा भाऊ म्हणा. मी तुमच्याकडे दया मागायला आलेलो नाही. माझं तुमच्याकडे एक काम आहे, ते शेवटी सांगतो.

माझा जन्म तिथल्या क्लेअर परगण्याच्या पश्चिम टोकाला, थेडी हेहिर नावाच्या म्हाताऱ्याच्या परसात झाला. माझं कडं त्याच्या घरी धान्य चाळायच्या चाळणीचं होतं. कातड्यासाठी त्याने आपल्याच कळपातली एक शेळी निवडली. ती रोज सकाळी त्याचा हात चाटायची, त्यामुळे तिला धरायला त्रास पडला नाही. तिचं कातडं नऊ दिवस चुन्याच्या खड्ड्यात पुरलं, बोथट सुरीने केस खरवडले आणि ओलं असतानाच कड्यावर ताणून खिळे ठोकले. वाळताना मी असा काही आवळला गेलो की रात्रभर कण्हत होतो. थेडीला ते ऐकून फार आनंद झाला.

त्याने मला आपल्या भाच्याला, मर्टी लर्निहनला दिलं. मर्टी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आमच्याकडे नाताळच्या दुसऱ्या दिवशी रेनची फेरी निघते. रेन हा चिमणीहूनही लहान पक्षी. तोंडावर पेंढ्याचे मुखवटे चढवून, ढोल आणि बासऱ्या घेऊन घरोघर वाजवत हिंडायचं आणि पुढे एकाने काठीच्या टोकाला बांधलेला रेन मिरवायचा. हल्ली लाकडाचा करतात. माझ्या पहिल्या वर्षी तो खराच होता. मर्टीने त्याला कुंपणाच्या झुडपात गाठून दगडाने मारलं आणि त्याच हाताने आखूड लाकडी टिपरू उचलून मला वाजवायला घेतलं. खोटं कशाला बोलू, मला तो हात फार आवडला.

पुढची चौतीस वर्षं माझी चैन होती. मर्टीचा उजवा हात टिपरू फिरवायचा आणि डावा हात आतून कातड्यावर सरकत माझा आवाज खालीवर करायचा. त्याच्या डाव्या अंगठ्याचा काळपट डाग माझ्या कातड्यावर आतून कायमचा उठला होता. दर गुरुवारी गावातल्या दारूच्या गुत्त्यात, खिडकीजवळच्या कोपऱ्यात आमची बैठक बसायची. फेरी आमच्याच अंगणातून निघायची, कारण ज्या घरचा ढोल त्या घरातून फेरी, हा गावचा रिवाज. लोक म्हणायचे, मर्टी वाजवतो तेव्हा मेलेलाही पाय आपटेल. मी फुगून जायचो.

मर्टीची बायको डेलिया. तिला मला हात लावायची मुभा नव्हती. मी ज्या खिळ्यावर टांगलेला असायचो, त्याच्या आजूबाजूची भिंत ती पुसायची आणि मला वगळून पुढे जायची. फेरीच्या दिवशी ती पहाटेपासून पावाला लोणी लावायची, हॅम कापायची, मनुकांचा केक काढायची. मंडळी खाऊनपिऊन वाजवत निघाली की फाटकापर्यंत यायची आणि रस्त्याचं वळण येईपर्यंत बघत राहायची. ती काय बघते, असा प्रश्न मला चौतीस वर्षांत एकदाही पडला नाही.

मग एका उन्हाळ्यात मर्टीला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ मात्र शाबूत राहिली. तो दिवसभर लोखंडी चुलीजवळच्या खुर्चीत बसायचा, हाताशी काठी आणि कोनाड्यात रेडिओ. सप्टेंबरात एके सकाळी डेलियाने हात पुसले, खुर्चीवर चढली आणि मला खिळ्यावरून काढलं.

"ठेव ते जागेवर," मर्टी म्हणाला.

"मला शिकव. यंदा फेरीला मी जाणार आहे."

"तू? तू पावाला लोणी लाव."

"चौतीस वर्षं लावलं. यंदा तू लाव, डावा हात धड आहे तुझा."

मर्टी हसला. मीही हसलो. पन्नाशी उलटलेली बाई, पिठात मुरलेले हात, ती काय मला वाजवणार.

आणि खरंच, सुरुवातीला तिने माझे हाल केले. मनगट सैल सोडून, हाताला लागलेलं पाणी झटकावं तसं टिपरू फिरवायचं असतं. ती कोपरातून मारायची.

"गाढव हाकतेस का?" मर्टी म्हणायचा. "अगं, ढोल आहे तो, झोपलेला नवरा नाही."

ती खाली मान घालून पुन्हा सुरू करायची. बोटांना फोड आले, फुटले, त्यावर चिंध्या बांधून तिने पुन्हा सुरू केलं. पीठ मळताना ती तोंडाने सहाचा ठेका मोजायची, जिना चढताना चारचा. मर्टी शिकवायचा ते शिकवण्यासाठी नाही, हसायला मिळतं म्हणून. मला ते कळत होतं आणि मलाही मजा येत होती.

ऑक्टोबरच्या शेवटी ती मला घेऊन गुरुवारच्या बैठकीला गेली. मर्टीच्या रिकाम्या खुर्चीत बसली. फिडलवाला पॅकी टाल्टी हा तिथला म्होरक्या. त्याने मान हलवून खूण केल्याशिवाय ढोलवाल्याने टिपरू उचलायचं नाही, हा नियम तिथल्या लहान पोरालाही माहीत असतो. मर्टीने तो डेलियाला सांगितलाच नव्हता. विसरला असेल, असं मला तेव्हा वाटलं. पॅकीने धून धरली आणि डेलियाने पहिल्याच ओळीत मला बडवायला सुरुवात केली.

पॅकीने वाजवणं थांबवलं. मग बाकीचे थांबले. शेवटी एकटी डेलिया वाजवत होती, डोळे मिटून.

"बघा रे जरा," पॅकी म्हणाला, "बाहेर कोण दार ठोठावतंय?"

सगळा गुत्ता हसला. डेलियाने डोळे उघडले.

"बाई," पॅकी म्हणाला, "गालिचे झटकायचे तर अंगणात झटकावेत."

"यंदाच्या फेरीला मी वाजवणार आहे," डेलिया म्हणाली. ती जागची उठली नाही.

पॅकीने फिडलचा गज खाली ठेवला. तो तोंडाचा तिखट होता, पण खोटा नव्हता. "मग असं करू. त्या दिवशी दहा वाजता आम्ही तुमच्या अंगणात येतो. चव्हाट्यापर्यंत ठेका सांभाळलात तर फेरी कायम तुमच्याच घरातून. नाही जमलं तर माझ्या घरातून, आणि पुन्हा तो विषय नाही. माझ्या पुतण्याकडे नवा ढोल आहे."

"चालेल," डेलिया म्हणाली.

त्या दिवसापासून मी तिला हसायचं सोडलं. नोव्हेंबरात तिचं मनगट सुटलं. एका दुपारी, भांडी वाळत असताना, टिपरू आपोआप फिरलं आणि मी चौतीस वर्षांत वाजलो होतो तसा वाजलो. तीच दचकली. मर्टीने रेडिओ बंद केला. त्याने डावा हात पुढे केला, तो माझ्या मागून आत आला आणि अंगठा आपल्या डागावर येऊन टेकला. ती बाहेरून वाजवत होती, तो आतून कातडं दाबत होता. अख्खी धून आम्ही तिघांनी वाजवली. माझ्या आयुष्यात इतकं गोड काही झालं नाही, हे मी आजही सांगेन.

"जमलं, मर्टी," ती हसत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आपल्याला जमलं."

मर्टीने हात काढून घेतला. "वाजवला मी. तू नुसतं मारत होतीस."

पण पुढच्या आठवड्यात ती एकटीने दोन्ही हात चालवायला लागली. तिचा अंगठा त्याच्या डागावर बसत नव्हता. तो डागाच्या शेजारी बसला आणि तिथून माझा आवाज वेगळा, थोडा खोल निघायचा. मर्टी चेष्टा करायचा थांबला. ती वाजवायला लागली की तो चुलीतल्या विस्तवाकडे बघत बसायचा. ती शिकली म्हणून तो गप्प झाला, असं तिला वाटलं आणि ती मनातून सुखावली.

फेरीचा दिवस उजाडला. बाहेर धुकं होतं, घरात ओल होती आणि माझं कातडं सैल पडलं होतं. अशा दिवशी ढोल विस्तवाजवळ धरून शेकावा लागतो. थोडाच वेळ आणि हातभर अंतरावर. कातडं जास्त तापलं तर आतून टिक असा आवाज येतो. तो ऐकला की ढोल तत्काळ मागे ओढायचा. जुन्या वाजवणाऱ्याला हे झोपेतही कळतं. डेलियाचा तो पहिलाच हिवाळा होता.

तिने मला खुर्चीच्या पाठीला, चुलीपासून हातभर दूर टांगलं.

"अजून जवळ घे," मर्टी म्हणाला. "आज ओल फार आहे."

तिने मला पुढे सरकवलं.

"अजून."

"जळणार नाही ना?"

"चौतीस वर्षं मी काय केलं? जा, तुझा पोशाख चढव. मी आहे लक्ष ठेवायला."

तिने वाकून त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि आतल्या खोलीत गेली. तिथे तिने स्वतः विणलेला पेंढ्याचा मुखवटा आणि झगा होता. ती गुणगुणत होती.

मर्टीने काठी उचलली आणि चुलीचं वारा घ्यायचं झाकण तिच्या टोकाने पुरतं उघडलं. विस्तव लाल झाला.

मी टिक केलं. मर्टीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काठीच्या एका धक्क्याने तो मला मागे ढकलू शकत होता. काठी त्याच्या मांडीवर होती.

मी दुसऱ्यांदा टिक केलं. मित्रांनो, माझी हाक ऐकू जाईल अशी जगात दोनच माणसं होती. एक आत पेंढ्याच्या बाह्या चढवत होती. दुसऱ्याने डावा हात लांब करून रेडिओ मोठा केला.

तिसऱ्यांदा मी टिक केलं नाही. मी फाटलो, वरच्या खिळ्यापासून खालच्या खिळ्यापर्यंत, त्याच्या अंगठ्याच्या डागाशेजारून, तिचा अंगठा जिथे बसायचा बरोबर तिथून.

अंगणात मंडळी येऊन उभी होती. आवाज ऐकून कोणीतरी म्हणालं, "बाटली उघडली वाटतं," आणि सगळे हसले. डेलिया धावत आली. एक बाही चढवलेली, दुसरी लोंबत होती. तिने मला पाहिलं आणि खाली बसली.

"तुला सांगितलं होतं," मर्टी म्हणाला, "इतक्या जवळ ठेवू नकोस म्हणून."

तिने मान वर केली. क्षणभर तिच्या कपाळाला आठी पडली, मागचं काही आठवावं तशी. मग ती आठी विरली.

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. "मीच घाई केली."

पॅकी दारात आला. त्याने मुखवटा काढला. आज त्याला चेष्टा सुचली नाही. "असू दे बाई. शिकाऊ माणसाच्या हातून होतंच असं," एवढंच म्हणाला. सगळ्यात जास्त दुखलं ते हेच. डेलियाने पोशाख उतरवला, पावाला लोणी लावलं, हॅम कापलं. मंडळींनी खाल्लं. मर्टीनेही डाव्या हाताने दोन तुकडे खाल्ले. मग ढोलाविना फेरी पॅकीच्या घराकडे निघाली. तिथे नवा ढोल वाट बघत होता. डेलिया फाटकापर्यंत गेली आणि वळण येईपर्यंत बघत राहिली. या वेळी ती काय बघते ते मला माहीत होतं.

संध्याकाळी ती मर्टीच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. त्याचा मेलेला उजवा हात तिने आपल्या हातात घेतला.

"तुझं सगळं आयुष्य होतं त्यात. माझ्या हौसेपायी फुटलं. मला माफ करशील?"

मर्टीने डाव्या हाताने तिच्या केसांत अडकलेली पेंढ्याची काडी काढली आणि चुलीत टाकली.

"केलं माफ," तो म्हणाला.

त्याला जाऊन आता सात वर्षं झाली. नवं कातडं चढवून देतो, असं दोनदा लोकांनी तिला सांगितलं. ती नाही म्हणते. पुन्हा टिपरू उचलण्याचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटतं. मी त्याच खिळ्यावर आहे. आता ती मलाही पुसते, फाटलेल्या कडा जपून. घरी कोणी आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "मर्टीचा ढोल. मी फोडला. पण मरेपर्यंत तो मला एका शब्दाने बोलला नाही, इतका मोठ्या मनाचा माणूस."

मित्रांनो, माझ्यासारखे ढोल आपली कहाणी संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, विस्तवापासून दूर ठेवा. माझं ते काही मागणं नाही. मला एक तोंड होतं, ते फुटलं, म्हणून तुमच्याकडे आलो. तुमच्यापैकी कोणी कधी त्या गावाला गेलात, तर चव्हाट्यावरून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याने तिसरं घर, निळं फाटक. ती चहा देईल, मनुकांचा केक देईल आणि माझ्याकडे बोट दाखवेल. तेव्हा तिला एवढंच सांगा की त्या दिवशी फाटण्याआधी मी दोनदा टिक केलं होतं, आणि मर्टीने रेडिओ मोठा केला.