जागेवर चाललेली चार वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी स्कुटी आहे, असं सांगायची मला फार हौस आहे. पण जुनं व्हायला आधी कुणी वापरावं लागतं ना! या घरी येऊन मला चार वर्षं झाली आणि यंदाच्या खंडेनवमीपर्यंत माझ्या काट्यावर होते अडतीस किलोमीटर. सांगलीच्या शोरूमपासून गोठ्याच्या पडवीपर्यंतचे चोवीस. उरलेले चौदा विश्वजीतचे. सुट्टीवर आला की तो माझ्यावर बसून दाढी करायला जायचा.

विश्वजीत सैन्यात आहे. "माझ्या मागं अंकिताचं कुठं अडायला नको," म्हणून त्याने मला बायकोच्या नावावर घेतलं, तिच्यासाठी लाल हेल्मेट आणलं आणि गेला ड्यूटीवर. अंकिताचं माहेर इस्लामपूर. लायसन तिने लग्नाआधीच काढलेलं. मला वाटलं, आता काय मजा! कसली मजा? कागदावर मालकीण अंकिता आणि चावी सासऱ्यांच्या, म्हणजे दादासोंच्या, बंडीच्या खिशात.

दादासोंना गाडी येत नाही. पण माझी काळजी? लय! रोज सकाळी ते मला स्टँडवर चढवतात, चालू करतात आणि दहा मिनिटं तशीच ठेवतात. का, तर बॅटरी मरू नये. मूठ पिळली की माझं मागचं चाक हवेत भुणभुण फिरतं. समोरून अंकिता शेणाची पाटी घेऊन जाते, धारा काढते, उसाला पाणी पाजून येते. मला वाटायचं, बाई, आपण दोघी सारख्याच. रोज चालायचं आणि पोचायचं कुठंच नाही.

बाकी माझा उपयोग विचारूच नका. हँडलवर ओले टॉवेल, सीटवर भुशाचं पोतं, पाय ठेवायच्या जागेवर कोंबडीची अंडी. चिमण्या आरशाला चोची मारतात म्हणून दोन्ही आरशांना जुने मोजे घातलेले. मोजे घातलेली गाडी पाहिलीत कधी? ती मी!

यंदा गणपतीनंतर अंकिताला कुपवाडच्या एका कारखान्यात काम मिळालं. पंपाचे सुटे भाग तपासायचं. आयटीआय केलेली पोरगी, परीक्षा देऊन मिळवलं होतं तिने. अट एकच. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी आठला हजर राहायचं. त्या दिवशी तिथं यंत्रांची पूजा असते आणि नव्या बायकांना आपापलं मशीन देतात. जी येणार नाही तिची जागा दुसरीला. आणि आमच्या गावची एसटी सुटते साडेआठला!

"मामंजी, चावी द्या," अंकिता म्हणाली.

"विश्वा आला की बघू."

"ते डिसेंबरात येनार."

"मग डिसेंबरात बघू. लोक काय म्हनतील, फौजीच्या बायकूला घरात खायाला न्हाई?"

"लोक आत्ताच म्हनत्यात मामंजी. गाडी कोंबड्यांसाठी घेतली का म्हनून."

सासूबाई, म्हणजे साळूबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. मला तर इतका राग आला की हॉर्न वाजवावासा वाटला. पण चावीशिवाय हॉर्नसुद्धा वाजत नाही हो!

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमचा थाट बघा! कोयता, विळे, खुरपी आणि मी, सगळे ओळीने. मला न्हाऊ घातलं, झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. पूजेनंतर गाडीने ते लिंबू चिरडून पुढं जायचं असतं. दरवर्षी दादासो मला मागून ढकलतात. हो, ढकलतात! रोज चालू करायची आणि सणाला ढकलायची!

यंदा त्यांनी ढकललं आणि लिंबू घरंगळलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा निसटलं. दादासो घामाघूम झाले.

"आवं, गाडीची पूजा म्हंजी गाडी चालाय नगं?" साळूबाई एकदम म्हणाल्या. "ढकलून देवाला फसिवताय व्हय?"

"मग कोन चालिवनार? तू?"

"मला कुनी शिकिवलंय? तीस वर्सं डोक्यावर बुट्टी घिऊन मळ्यात गेले. कवा इचारलंसा, चालत जातीस का बसून?" त्यांनी हात पुढे केला. "आना ती चावी."

मग दादासोंनी बंडीत हात घातला.

साळूबाईंनी चावी सुनेच्या हातात ठेवली. "लिंबू चिरड. आन् थांबू नगंस. सात वाजून गेल्यात."

अंकिताने माझे मोजे ओढून काढले. चार वर्षांनी मला मागचं दिसलं! हेल्मेट चढलं. कच्चकन लिंबू गेलं. फाटकापाशी पोचलो तोच मागून आवाज आला, "ए, थांब!"

झालं, आता परत पडवी, असं मला वाटलं. दादासो पळत आले आणि त्यांनी माझ्या गळ्यातली झेंडूची माळ उतरवली. "चाकात अडकंल," म्हणाले. "सावकाश जा."

आठाला दहा कमी असताना आम्ही कुपवाडला होतो.

मित्रांनो, आता रोज कुपवाड, माझ्या काट्याला उसंत नाही. सीट उसवलीय, मडगार्डला ओरखडा आहे, मी मस्त जुनी होतेय. दादासो मात्र अजून रोज सकाळी मला स्टँडवर चढवून दहा मिनिटं बॅटरी सांभाळतात. अंकिता हेल्मेट घालून शेजारी उभी! आता यांना काय म्हणावं?

तुमच्या घरातही अशी एखादी गाडी असेल. तिला पुसा, हार घाला, जरूर घाला. पण आधी तिची चावी कुणाच्या खिशात आहे ते बघा. आणि आरशांवर मोजे असतील तर आजच काढा.