पाचटाचा बगळा

मुलांनो, एक शेत डोळ्यांपुढे आणा. कोऱ्हाळे बुद्रुकचं. ऊस तोडून नेला आहे आणि मागे गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पसरला आहे. त्यात सहावीतली निकिता बगळा करत बसली आहे. ओल्या पोत्यात मऊ केलेल्या पाचटाची मान, केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोरीनं आवळलेलं पोट, उसाच्या तुऱ्याची पिसं. शाळेच्या प्रदर्शनासाठी आठ दिवस ती खपते आहे. पाल्यानं बोटं कापली आहेत.

तिचे वडील विजयसिंह आले.

"ह्यो काय उकिरडा मांडलाय? बागायतदाराची लेक तू. लोक हसतील मला."

आमच्या भागातल्या शहाण्यांची ही रीतच आहे. शेतात उगवलेलं सगळं कचरा, आणि दुकानाच्या पिशवीतून आलेलं सगळं भारी. विजयसिंहांनी बारामतीहून चमकी लावलेला थर्माकोलचा तयार मोर आणला, त्याखाली ठसठशीत अक्षरात 'निर्मिती : निकिता' लिहिलं आणि पाचट पेटवून दिलं. बगळ्यासकट.

बांधावरून श्रीपती आबा बघत होते. दोर वळण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"झकास केलंस, इजयसिंग. जमिनीचं खत जाळलंस, आन् पोरीचं आठ दिस बी."

"कचरा व्हता, आबा."

"कचरा तू आणलायस, बारामतीतनं. त्यो कुजायचा न्हाय, आन् तुज्या पोरीला करताबी यायचा न्हाय. वर तिचं नाव घातलंस. लबाडी शिकवायला शाळा कशाला पायजे? तू हायस की घरात."

विजयसिंह नुसते हसले.

प्रदर्शनात टेबलावर पाच मोर उभे होते. एकाच दुकानातले, एकाच तोंडाचे. नावं तेवढी वेगळी. पाचही आईबाप आपापल्या मोराशेजारी फोटो काढून घेत होते, आणि त्यातल्या एकालाही लाज वाटत नव्हती.

"निकिता, याची मान कशी उभी केलीस?" अंजली मॅडमनी विचारलं.

निकितानं मागे उभ्या वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला न्हाय ठाऊक, मॅडम. ह्यो दुकानातला हाय. माझा बगळा व्हता. आप्पांनी जाळला."

बाकीच्या चौघा मुलांनी माना खाली घातल्या. मॅडमनी मोर उचलून टेबलाखाली ठेवला. "ही जागा तुझीच. प्रदर्शन शनिवारपर्यंत आहे, तोवर भर."

विजयसिंह लेकीला घेऊन घरी आले. शेताच्या दुसऱ्या तुकड्यातलं पाचट पेटवायला गडी निघाला होता. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि लेकीजवळ खाली बसले. "चुकलंच माझं. मला दाखव, कसं करायचं."

मोठ्या माणसांनो, हे तुमच्यासाठी आहे. मूल कलावंत झालं नाही तरी चालेल. पण न केलेल्या कामावर स्वतःचं नाव लावायला त्याला शिकवू नका. आणि जमिनीनं दिलेल्या वस्तूला कचरा म्हणण्याआधी तिचं काय होऊ शकतं ते एकदा पोरांना विचारा.

विजयसिंहांनी नव्या बगळ्याच्या मानेला पहिली गाठ मारली. निकितानं ती ओढून पाहिली.

"ढिली हाय, आप्पा."

तिनं गाठ सोडली आणि दोरी पुन्हा त्यांच्या हातात दिली.