बंद दिव्याचा आकडा

ग्रॅफाइटचा थर चिकटपट्टीने सोलत सोलत एका अणूइतका पातळ कसा करायचा, हे मला चिमटेदादाने शिकवलं. प्रयोगशाळेत तो मला चार वर्षांनी सीनियर. हातात कायम चिमटा, म्हणून हे नाव. त्या थराला, म्हणजे ग्राफीनला, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण ओळखायला लावायचे, हे आमचं काम. पण इतका पातळ थर किरण शोषणार तरी किती? मी ग्राफीनच्या चिपवर सोन्याच्या बारीक पट्ट्या बसवल्या आणि शुक्रवारी मीटरवरचा आकडा एकावरून पाचावर, एकदम पाचपट झाला. पहिल्यांदा दादालाच दाखवला.

"अगं, लॉटरीच लागली तुला!" त्याने माझ्या वहीतल्या पानाचा, आलेख आणि मांडणीसकट, फोटो काढला. "सोमवारी सरांना तूच सांग."

'किरणांचा दिवा बंद केल्यावर आकडा शून्यावर येतो का बघ, मगच हुरळून जा,' हा त्याचाच धडा. शुक्रवारी आनंदात मी तो विसरले. शनिवारी बघितलं, तर किरण ठरावीक वेळाने अडवणाऱ्या फिरत्या चकतीच्या मोटारीची वायर चिपच्या वायरीला खेटून होती. पाचातले तीन भाग त्या मोटारीचेच. वायर दूर सारल्यावर दुप्पट उरलं. पण ते खरं होतं, आणि माझं होतं.

सोमवारी बैठकीत पडद्यावर माझाच आलेख होता. खाली नाव फक्त दादाचं.

"पाचपट! शिक जरा याच्याकडून," सर मला म्हणाले.

आता माझ्या दुपटीला कोण विचारणार?

"दादा, अरे हे..."

"नंतर बोलू गं," तो माझ्याकडे न बघताच म्हणाला.

सरांना प्रत्यक्ष बघायचं होतं. दादाने फोटोत बघून मांडणी शुक्रवारसारखीच केली, वायरीसकट. आकडा चढला. मी वाकून दिव्याचा प्लग काढला. दिवा निवत गेला, तसा आकडा उतरून तीनवर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

"सर, दिवा बंद आहे."

सरांनी माझ्या हातातला प्लग बघितला, मग दादाकडे. "काय रे, एवढंही तपासलं नाहीस?"

बाहेर दादाने मला गाठलं. "चारचौघांत तोंडघशी पाडलंस. आधी सांगायचंस ना!"

"आज सकाळी तुलाच आधी सांगणार होते. पण तोवर तू आलेख लावलाही होतास."

आत जाऊन मी दुपटीचं शनिवारचं पान सरांना दाखवलं. मग वही खणात ठेवली आणि पहिल्यांदाच कुलूप लावलं.