जुनं एक्केचाळीस

३५

जोडसायकलीवर मागं बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही. गोडलीव्हला एकतीस वर्षं नवऱ्याची, आर्सेनची, पाठ दिसली. मान वळवली की बीटची शेतं, डोकं छाटलेली विलोची झाडं, चर, गाय, पुन्हा चर. मान सरळ केली की पाठ.

रस्ता त्याच्याकडे, हँडल त्याच्याकडे, आकडेही त्याच्याकडे. निघण्याआधी तो चौकांचे आकडे कागदाच्या पट्टीवर ओळीनं लिहायचा आणि पट्टी हँडलला चिमट्यानं लावायचा. प्रत्येक चौकात पाटी, पाटीवर त्या चौकाचा आकडा, पुढच्या आकड्यांकडे बाण. आधीच मुलूख असा सपाट की तीन गावांपलीकडच्या चर्चचं टोक दिसतं. त्यात हे आकडे. हरवायचं म्हटलं तरी सोय नाही.

गेल्या वर्षी दोन जूनच्या पट्टीवर होतं: ३५ – ४१ – ४४ – ५८ – ३५.

दुपार होती. एक्केचाळीसची पाटी तिच्या डाव्या अंगानं सरकून गेली. हे तिला लख्ख आठवतं, कारण पाटी सरकली आणि ती बोलली.

"एकतीस वर्षं तुझी पाठच बघतेय मी. आता पुरे झालं."

रागानं नाही. थट्टेनं म्हणावं तर तसंही नाही. आर्सेन काही बोलला नाही. पेडलं फिरत राहिली. चव्वेचाळीसला, आयझर नदीच्या पुलापाशी, त्यानं बेतानं ब्रेक दाबला, डावा पाय जमिनीवर टेकवला आणि हँडलवर डोकं ठेवलं. तिला वाटलं, पट्टी वाचतोय. ती मागं बसून राहिली. बराच वेळ. पाठीकडे बघत.

डॉक्टर म्हणाले, हृदय. बहीण म्हणाली, किती सुखाचं मरण. पाद्री आणखी काही म्हणाले. तिला हवं होतं ते यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं: त्यानं तिचं वाक्य ऐकलं होतं का?


४१

आर्सेन म्हणायचा, वारा तोंडावर असला की मागच्याचं बोलणं मागच्या मागं उडून जातं. वारा पाठीशी असला की मागच्याची कुजबुजही पुढच्याच्या कानात. त्या दिवशी वारा कुठला होता, गोडलीव्हला माहीत नव्हतं. ती त्याच्या आडोशाला होती. वारा लागायचा तो त्याला.

मे महिन्यात तिनं गॅरेजमधून जोडसायकल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली. मागची सीट रिकामी, मागची पेडलं तिच्या पायांबरोबर आपोआप फिरणारी. एका वळणावर ट्रॅक्टरवाल्यानं ओरडून विचारलं, बाई, मागचा कुठं सांडला? असली जोडसायकल एकट्यानं चालवली की कुणी ना कुणी हे विचारतंच. तिनं हात वर केला आणि पुढं गेली.

एक्केचाळीस सापडलं. पुलाच्या उत्तरेला, डुकरांच्या लांबलचक शेडींपाशी. पाटीच्या खांबाशी नांगरात निघालेला महायुद्धातला जुना तोफगोळा लष्कराच्या गाडीची वाट बघत ठेवला होता. शेडींमधून पंख्यांची घरघर. इथं मी ते बोलले, ती स्वतःशी म्हणाली. जागा ओळखीची वाटेना, पण ओळखीची वाटावी कशी? ती कधी रस्त्याकडे बघतच नव्हती. तिथून बाणाबाणानं पुलापर्यंत आली. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे. आता राहिला वारा.

वाऱ्यासाठी कबुतरवाल्याकडे जायचं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.


वही

ओडिल पुलाशेजारी राहायचा. पूर्वी पोस्टमन, आता शर्यतीची कबुतरं पाळणारा, आणि या पट्ट्यातल्या सायकलपाट्यांचा धर्मबाप. वाकलेली पाटी सरळ करणं, वेली छाटणं त्याच्याकडे. त्या दिवशी रुग्णवाहिकेला फोन त्यानंच केला होता. त्यानं कॉफी ठेवली, दालचिनीच्या बिस्किटांचा डबा उघडला, आणि तिनं तारीख सांगितल्यावर काही न विचारता वही काढली.

शनिवार, २ जून. कबुतरं आरास गावाहून सोडली ८.१५. वारा ईशान्य, जोरदार. पहिली आली निळी मादी, ९.४९, दमलेली. तीन आली नाहीत. वारा संध्याकाळपर्यंत तोच.

"म्हणजे पाठीशीच होता," गोडलीव्ह म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. मग सगळं सांगून टाकलं, वाक्यासकट. ओडिल खिडकीबाहेरच्या खुराड्याकडे बघत ऐकत होता.

"कुठल्या एक्केचाळीसवरून आलात तुम्ही?" त्यानं विचारलं.

"कुठल्या म्हणजे? डुकरांपाशी आहे ते."

"अहो बाई, ते या मार्चपासून. पुलाचा चव्वेचाळीस तेवढा राहिला, बाकी सगळे आकडे बदलले की. एकसारखे आकडे जवळजवळ आले होते म्हणून वरून यादी आली. दोनशे पाट्या मी या हातांनी फिरवल्यात, कंबर अजून बोलतेय."

ड्रॉवरमधून त्यानं जुना नकाशा काढला. कबुतरांच्या औषधाचा वास येत होता त्याला. जुनं एक्केचाळीस पुलाच्या नैर्ऋत्येला होतं, पाणी उपसायच्या पंपघरापाशी. पंपघर ते पूल, तीन किलोमीटर, नदीच्या बांधावरून सरळ ईशान्येला.

"तोंडावर," ओडिल म्हणाला. "त्या वाऱ्यात माझी तीन पाखरं गेली. तुमचं वाक्य कुठलं पोचतंय?"

गोडलीव्हनं नकाशावर बोट ठेवलं. पंपघर, बोट सरकवलं, पूल. पुन्हा पंपघर. मग म्हणाली, तसाच वारा सुटला की मला कळवा. आपण करून बघू. मी पुढं, तुम्ही मागं.

ओडिल म्हणाला, माझं वजन ऐकलंत का आधी. तिनं ते मनावर घेतलं नाही.


जुनं ४१

अकरा दिवस वारा समुद्राकडून येत राहिला. बाराव्या दिवशी सकाळीच ओडिलचा फोन आला. त्यानं नुसता रिसीव्हर खिडकीबाहेर धरला.

पुलापासून पंपघरापर्यंत ते वाऱ्याबरोबर गेले, फुंकर मारल्यासारखे. पंपघराच्या चौकात आता दुसराच आकडा होता, सत्याहत्तर. सायकल वळवली. गोडलीव्हनं बजावलं: मी सांगणार नाही, तुम्हाला वाटेल तेव्हा बोला. काहीही बोला. ओरडायचं नाही, बायकोशी बोलतो तसं बोलायचं.

"बायकोशी मी ओरडूनच बोलायचो," ओडिल म्हणाला. "बहिरी होती ती."


४१ – ४४

वारा कानात शिरला तो शिरलाच. नदी उलटी वाहतेय असं वाटत होतं. बोरू वाकलेले, गवत वाकलेलं, हनुवटी छातीशी. गोडलीव्हला कळलं, आर्सेन इतकी वर्षं हे खात होता आणि मागं ती गवताच्या वासाबद्दल बोलत होती.

पहिला किलोमीटर. वारा.

                    वारा.

दुसऱ्यातही नुसता वारा, आणि त्यात एकदा

पायाखाली काहीतरी सैल पडलं.

अर्ध्या फेऱ्यापुरतं. दोघांची पेडलं एकाच चेननं बांधलेली. मागच्यानं पाय हलका सोडला की पुढच्याच्या पोटरीला कळतं. बोलायला दम लागतो. दम घेताना पाय सुटतो.

"काय म्हणालात?" तिच्या तोंडून गेलं.

ती विचार करून बोलली नव्हती. खोकला यावा तसा तो प्रश्न आला. आणि आला तसं तिला कळलं की हा प्रश्न तिचा नाही. हा आर्सेनचा. वाऱ्याच्या दिवशी दर पाच मिनिटांनी तो मान किंचित वळवून विचारायचा, काय म्हणालीस? तिचा एक शब्द त्याला पोचायचा नाही, पण ती बोलली हे त्याला पायातून कळायचं. एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. ती कंटाळायची, म्हणायची, काही नाही, चल.

त्या दिवशी त्यानं विचारलं नाही.

तिनं ब्रेक दाबला. डावा पाय टेकवला. मागून ओडिल म्हणाला, काय झालं, चेन उतरली का?

"काय बोललात तुम्ही?"

"मी? सीट रुततेय म्हटलं. एका दमात तीनदा म्हटलं. ऐकू आलं नाही ना? झालं तर मग." त्याला आनंद झाला होता. "सुटलात बाई."

तिनं त्याला पायाचं सांगितलं. विचारण्याचं सांगितलं. वाऱ्यात उभ्याउभ्या सांगितलं, मान न वळवता, म्हणजे शब्द त्याच्यापर्यंत जातील. ओडिल खाली उतरला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"मग त्याला तेव्हाच दुखायला लागलं असणार," तो शेवटी म्हणाला. "दुखतं तेव्हा माणूस विचारत नाही."

"तेव्हाच?"

"पंपघरापाशीच."

गोडलीव्हनं मागं पाहिलं. पंपघर दिसत होतं, पूलही दिसत होता; या मुलखात सगळंच दिसतं. मधे तीन किलोमीटर. एवढं अंतर त्यानं छातीत ते घेऊन सायकल सरळ धरली, कारण एका बाजूला नदी होती, दुसऱ्या बाजूला चर, आणि मागं ती. आणि ती पाठीकडेच बघत होती. पुरे झालं म्हणून बघत होती. पाठीवर काहीच दिसलं नाही तिला. किंवा दिसलं असेल. शर्ट ओला होता का? खांदे वर चढले होते का? एकतीस वर्षांत पाठ झालेली ती पाठ तिला आता आठवेना. नुसता निळा रंग आठवला.

एक शक्यता अशी की त्यानं ऐकलं. दुसरी अशी की तो मरत होता आणि तिला कळलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिच्याकडे पहिलीच होती.


४४

पुलापाशी ओडिलनं कॉफीचं विचारलं. ती नको म्हणाली. तो म्हणाला, मला गप्प बसता आलं नाही बाई, दुखण्याचं बोललो, माझंच चुकलं. ती म्हणाली, तुम्ही सीटबद्दल बोललात, तेच बरं झालं.

घर नैर्ऋत्येला. म्हणजे पुन्हा तोच बांध, पण आता वारा पाठीशी. कान एकदम मोकळे झाले. टायरांचा आवाज यायला लागला, मग चेनचा, मग मागच्या रिकाम्या पेडलांचा, एक थोडं कुरकुरतं. बोरूमधला पक्षी. खूप मागं, पुलावरून गेलेली गाडी. मागचं सगळं पुढं येत होतं.

तिनं वेग कमी केला. फार जोरात गेलं तर आपण वाऱ्याच्या पुढं जाऊ, असं तिला वाटलं. पंपघर आलं, गेलं. रस्ता मोकळा होता, तिच्यासमोर कुणी नव्हतं, आणि तिला रस्त्याकडे बघवत नव्हतं. तिनं नजर हँडलवर ठेवली, ओठ मिटून घेतले, आणि पोटऱ्यांनी वाट बघत राहिली.