लपवून ठेवलेल्या प्रती

उस्ताद लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. नाव शिकणाऱ्यांनीच ठेवलेलं, पण ते इतकं चिकटलं की घरात थोरली बहीणही तशीच हाक मारायची. आईवडिलांच्या मागे घरात हे दोघंच.

मग त्याची जीभ जड व्हायला लागली. आधी ‘र’ घसरला, मग ‘ळ’. एका शिकाऊ बाईने तर तक्रारच केली, की सर पिऊन येतात. त्याने ते हसण्यावारी नेलं. डॉक्टरांनी मात्र हसण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नाही. स्नायूंचा आजार होता. आधी आवाज जाणार होता, बाकीचं मागून.

वाचेचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, “बोलता येतंय तोवर वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. पुढे यंत्र त्यांच्याच आवाजात बोलू शकेल.”

ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकघराच्या टेबलावर जुना लॅपटॉप उघडायची. फ्रीज घरघरतो म्हणून बंद करायचा, दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचा, आणि उस्तादने कागदावरची वाक्यं वाचायची. चार वाक्यं तो शहाण्यासारखा वाचायचा, मग गाडी भलतीकडेच वळायची. कोण शिकाऊ माणूस ब्रेकऐवजी वायपर लावतो, कोण वळताना डोळेच मिटून घेतो, सगळ्यांच्या नकला. ताईला हसू फुटायचं, ते रेकॉर्डिंगमध्ये जायचं, की पुन्हा पहिल्यापासून. असं पावसाळाभर चाललं.

एके दिवशी लॅपटॉपने हात वर केले. डिस्कवर जागा नाही. ताईने शोधाशोध केली तेव्हा कळलं, की सिस्टिम आपोआप जुन्या प्रती काढून एका लपवलेल्या कप्प्यात साठवते, आणि त्या कप्प्याने जवळजवळ निम्मी डिस्क गिळली होती.

“म्हणजे आपल्याला न विचारता भाडेकरू ठेवलाय,” उस्ताद म्हणाला. एव्हाना त्याचं बोलणं नीट कान देऊनच कळायचं. “हाकल त्याला.”

ताईने सगळ्या प्रती पुसल्या. केवढी तरी जागा मोकळी झाली. अडगळीची खोली आवरल्यासारखं तिला बरं वाटलं, आणि त्याच संध्याकाळपासून रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झालं.

वाक्यं पुरी झाली तशी ती लॅपटॉप घेऊन मॅडमकडे गेली. सुरुवातीच्या, चांगल्या आवाजातल्या फायली मॅडमनी एकेक करून उघडल्या. नाव होतं, आत काही नव्हतं. फक्त शेवटच्या, लडखडत्या आवाजातल्या तेवढ्या शाबूत होत्या.

दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या दिवशी उलगडा केला. जागा संपायच्या सुमारास ताईने सगळ्या जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढायला एक प्रोग्रॅम चालवला होता. जागा नसल्यामुळे त्याने मूळ फायलींवर रिकाम्या फायली लिहिल्या, आणि चकार शब्द काढला नाही.

“दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती?”

“सगळं झालं की एकदम घेणार होते.”

“त्या लपवलेल्या कप्प्यात होत्या हो. फायलींचं आधीचं रूप तिथेच असतं. तो असता तर आत्ता परत आणून दिल्या असत्या.”

“मी फक्त जागा केली,” ताई म्हणाली.

“सगळे तेच करतात. पण नंतर तुम्ही रोज त्याच जागेवर नवीन भरत गेलात. आता खाली काही उरलं नाही.”

घरी येऊन तिने उस्तादला सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. त्याने टेबलावर हात आपटला आणि तो ओरडला. काय ओरडला, तिला कळलं नाही.

“काय म्हणालास?”

त्याने पुन्हा सांगितलं. तरी नाही कळलं. तिसऱ्या खेपेला एकेक अक्षर जुळवताना त्याचा राग निवूनही गेला होता, आणि उरलं ते एवढंच होतं, “विचारायचं होतंस एकदा.”

हाकल म्हणणारा तूच होतास, हे तिच्या ओठांवर आलं. ते तिने गिळलं.

उरलेल्या फायलींवरून मॅडमनी आवाज बनवून पाहिला. यंत्र झोकांड्या खात बोललं. उस्तादने ते मधेच बंद केलं आणि तयार आवाजांतला एक निवडला. स्वच्छ, नम्र, स्टेशनवर घोषणा करतात तसा. त्या आवाजात शिवी दिली तरी विनंती केल्यासारखी वाटायची.

थंडीत एका जुन्या शिकाऊ मुलीचा फोन आला. तिने पहिली गाडी घेतली होती. ताईने फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढे धरला. उस्ताद घाईघाईने यंत्रावर बोटं चालवू लागला.

“अभिनंदन. मी उस्ताद बोलतोय,” यंत्र म्हणालं.

“सॉरी हं, राँग नंबर लागला वाटतं,” मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

“परत लावू?” ताईने विचारलं.

त्याने मान हलवली. नको. मग यंत्र पालथं घातलं आणि समोरच्या वाटीत चमचा फिरवत बसला. पेज केव्हाच गार झाली होती. ती गरम करून आणायला ताई उठली.