रुखवताचं उत्तर

आमच्या वाचनालयानं स्थानिक कलावंतांची गाणी जमवायची ठरवली, तेव्हा पहिलं गाणं कुणाचं आलं असेल? अध्यक्षांचं. विजयसिंहरावांनी कराओकेवर म्हटलेलं भावगीत मी, ग्रंथपाल असल्यामुळं, निमूट संगणकात चढवलं. कोपऱ्यात हेडफोन ठेवला, वर पाटी लावली. ते गाणं आजवर एकाच माणसानं ऐकलंय. तेही विजयसिंहरावांनीच.

मग मला कळंब्याच्या शालूबाई सापडल्या, रुखवताची गाणी म्हणणाऱ्या. लग्नात मुलीकडच्या बायकांनी वराच्या आईची, म्हणजे विहिणीची, नाव घेऊन यथेच्छ टिंगल करायची आणि विहिणीनं गाण्यातच उत्तर द्यायचं, असा तो मामला. आता लग्नात डॉल्बी दणदणतो, तिथं विहिणीची उणीदुणी ऐकू कुणाला जाणार? शालूबाईंनी जेवढी आठवली तेवढी गाणी म्हटली आणि मी हरखून गेले.

अध्यक्षांनी ती ऐकायला घेतली. एका गाण्यापाशी त्यांचा चेहरा पडला.

"आक्का विहीणबाई, रुखवताला टपली,
लाडू घेऊन चार दाराआड लपली."

ही आक्का म्हणजे अध्यक्षांच्या मातोश्री. शालूबाई त्यांच्या बायकोची मावशी, आणि गाणं अध्यक्षांच्याच लग्नातलं.

"आईचं नाव तेवढं उडवा," ते म्हणाले. "आक्का तवापासनं शालूमावशींशी बोलत न्हाय."

शालूबाई तिथंच बसल्या होत्या. "नाव उडवल्यावर गाण्यात ऱ्हायलं काय? माझी समदी गाणी पुसून टाका. माझ्यामागं कोण म्हणणार हाय म्हणा. गेली तर गेली."

आक्कांनाच विचारूया, असं मी सुचवलं. अध्यक्ष लगेच तयार झाले, कारण आईचा नकार त्यांनी गृहीतच धरला होता.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. समोर शालूबाई होत्या, त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. हेडफोन घालून गाणं ऐकलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. आता सगळं संपलं, असं मी धरून चालले.

"पुन्यांदा लाव," आक्का म्हणाल्या. कानांवर हेडफोन असल्यानं ते अख्ख्या वाचनालयाला ऐकू गेलं. पेपर वाचणारे म्हातारे माना वळवून बघायला लागले.

दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी हेडफोन काढला आणि लेकाकडं बोट केलं. "त्या दिशी उत्तर माझ्या व्हटांवर आलतं. ह्या बाबानं भिऊन बॅन्ड वाजवाय लावला. लोकांस्नी वाटलं, आक्काला उत्तर देता आलं न्हाय. हरल्यावर कुठल्या तोंडानं बोलायचं हिच्यासंगं?"

मी माईक पुढं सरकवला. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून आक्कांनी आवाज लावला.

"शालू कळंब्याची, लाडू कसला वळला,
चावता चावता माझा दातच गळला,
नवरदेव भ्याला, आईमागं पळला."

शालूबाई टेबलावर हात आपटत हसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. "किती वरसं वाट बघाय लावलीस गं," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "शेवटची ओळ तेवढी उडवा."

"न्हाय," दोघी एकदम म्हणाल्या.